गेलिक लीग: आयरिश भाषेसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेची स्थापना आणि विस्तार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेलिक लीग ही कोणती संस्था?

आयरिश भाषा लोकांच्या तोंडी टिकावी आणि जिथून ती गेली आहे तिथे पुन्हा रुजावी, या हेतूने 31 जुलै 1893 रोजी डब्लिनमध्ये स्थापन झालेली ही संस्था आहे. आयरिशमध्ये तिला ‘कॉनरा न गेलगे’ म्हणतात आणि आजही ती याच नावाने काम करते. आयर्लंडचा वारसा जपण्यासाठी स्थापन झालेल्या संस्था पुष्कळ आहेत; किलकेनी येथे 1849 मध्ये सुरू झालेली पुरातत्त्व संस्था तर लीगपेक्षा चव्वेचाळीस वर्षांनी जुनी होती. परंतु त्यांपैकी बहुतेकांचे लक्ष हस्तलिखिते, शिलालेख आणि पडक्या मठांकडे होते. कोकराच्या मागे धावणारा मुलगा आपल्या आजीशी जी भाषा बोलतो ती भाषा वाचवण्यासाठी गावोगाव शाखा काढणारी, वर्ग चालवणारी आणि सरकारशी भांडणारी पहिली मोठी संस्था म्हणजे गेलिक लीग होय.

त्या काळी आयरिश भाषेची अवस्था खरोखर इतकी वाईट होती का?

होय. 1851 च्या जनगणनेत आयरिश बोलणाऱ्यांची संख्या पंधरा लाखांच्या वर होती. 1891 मध्ये ती 6,80,174 इतकी उरली. या घसरणीमागे 1845 ते 1849 चा भीषण दुष्काळ होता. बटाट्याचे पीक रोगाने सलग गेले, सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. या आपत्तीचा सर्वांत मोठा घाव पश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्यांवर बसला, आणि आयरिश बोलणारे बहुसंख्य लोक नेमके तेच होते.

दुष्काळाच्या आधीच, 1831 पासून, सरकारी राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या होत्या आणि त्यांचे माध्यम इंग्रजी होते. मुलांच्या गळ्यात एक काठी अडकवली जाई, मूल आयरिश शब्द बोलले की तिच्यावर एक खाच पाडली जाई आणि पुढे त्या खाचा मोजून शिक्षा होई. या प्रकारातील सर्वांत दुःखाची गोष्ट अशी की, अनेक ठिकाणी खाचा पाडणारे हात आईबापांचेच होते. मूल उद्या बोस्टनला किंवा लिव्हरपूलला पोट भरायला जाणार, तिथे आयरिशचा उपयोग नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. लीगला सरकारी धोरणाशी लढावे लागलेच, पण त्याहून कठीण लढाई या घराघरांत मुरलेल्या लाजेशी होती, असे मला वाटते.

लीगच्या आधी कोणी प्रयत्न केले नव्हते का?

केले होते आणि ते व्यर्थ गेले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 1876 मध्ये आयरिश भाषा संरक्षण संस्था स्थापन झाली आणि तिच्या खटपटीमुळे राष्ट्रीय शाळांत शाळेच्या वेळेबाहेर आयरिश शिकवण्यास परवानगी मिळाली. 1880 मध्ये तिच्यातून फुटून गेलिक युनियन निघाली आणि 1882 मध्ये तिने एक नियतकालिक सुरू केले, जे पुढे लीगच्याच हाती आले. समुद्रापलीकडे ब्रुकलिनमध्ये स्थलांतरितांनी आयरिशचे वर्ग भरवले होते आणि 1881 पासून तिथून एक द्विभाषिक मासिकही निघत होते. या मंडळींचा वर्ग मात्र अभ्यासकांचा, पाद्र्यांचा आणि हौशी विद्वानांचा राहिला. त्यांच्या सभांचे कामकाज बहुधा इंग्रजीत चाले आणि आयरिश बोलणारा शेतकरी तिथे पाहुणा म्हणूनही सापडत नसे.

स्थापनेची कल्पना कोणाची होती?

श्रेय दोघांना विभागून द्यावे लागते. डग्लस हाइड यांनी 25 नोव्हेंबर 1892 रोजी डब्लिनच्या राष्ट्रीय साहित्य संस्थेपुढे भाषण केले आणि आयर्लंडने इंग्रजी वळणाची नक्कल सोडून आपली भाषा, आपली नावे, आपले खेळ आणि आपले संगीत पुन्हा धरावे, असे कळकळीने मांडले. इंग्लंडचा द्वेष करायचा आणि जगण्याच्या प्रत्येक बाबतीत मात्र इंग्लंडचेच अनुकरण करायचे, ही विसंगती त्यांनी श्रोत्यांसमोर ठेवली. भाषण गाजले, पण भाषणातून संस्था आपोआप उभी राहत नाही. ती उभी केली ओवेन मॅकनील यांनी. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयात कारकून असलेल्या या पंचविशी ओलांडलेल्या तरुणाने पत्रे पाठवून माणसे जमवली. 31 जुलै 1893 रोजी सॅकव्हिल स्ट्रीटवरील, म्हणजे आजच्या ओकॉनेल स्ट्रीटवरील, एका खोलीत दहाच्या आसपास माणसे एकत्र आली आणि लीगचा जन्म झाला. हाइड अध्यक्ष झाले, मॅकनील सचिव झाले.

हे संस्थापक कोणत्या घरांतले होते?

हाइड हे प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. रॉसकॉमन काउंटीतील फ्रेंचपार्क येथे वाढत असताना त्यांनी आयरिश शिकली ती शाळेत नव्हे, तर शिकारीच्या रानाची राखण करणाऱ्या आणि शेतावर राबणाऱ्या शेजाऱ्यांकडून. त्यांनी ऐकलेल्या गोष्टी आणि गाणी कानावर पडतील तशी लिहून ठेवली आणि पुढे प्रसिद्ध केली. मॅकनील हे अँट्रिम काउंटीतील ग्लेनार्मचे कॅथलिक. पुढे ते प्राचीन आयर्लंडचे मोठे इतिहासकार म्हणून ओळखले गेले.

तिसरे नाव फादर यूजीन ओग्राउनी यांचे घ्यायलाच हवे. मेनूथच्या धर्मशिक्षण महाविद्यालयात ते आयरिशचे प्राध्यापक होते. त्यांनी लिहिलेले सोपे आयरिश पाठ आधी एका साप्ताहिकात क्रमशः आले आणि नंतर पुस्तिकांच्या रूपाने निघाले. प्रत्येक शब्दापुढे त्याचा उच्चार वाचकाला ठाऊक असलेल्या इंग्रजी अक्षरांत दिलेला असे, त्यामुळे आयरिशच्या अवघड वर्णरचनेला घाबरणारा दुकानातला नोकरही दिवाभर उजेडात एकट्याने धडा गिरवू शकत असे. लीगच्या पहिल्या दहा वर्षांतील हजारो सभासदांची आयरिशशी पहिली ओळख याच पुस्तिकांतून झाली. ओग्राउनी यांची प्रकृती खालावल्याने ते 1894 मध्ये अमेरिकेला गेले आणि 1899 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वारले. 1903 मध्ये त्यांचा देह मायदेशी आणला गेला, तेव्हा डब्लिनमध्ये निघालेली अंत्ययात्रा लीगच्या तोपर्यंतच्या सर्वांत मोठ्या सार्वजनिक दर्शनांपैकी एक ठरली.

संस्था इतक्या वेगाने कशी वाढली?

आरंभी ती वेगाने वाढली नाही. पहिली चार-पाच वर्षे शाखा तुरळक होत्या आणि त्याही प्रामुख्याने शहरांत. 1904 पर्यंत मात्र शाखांची संख्या सहाशेच्या जवळ आणि सभासदांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास पोहोचली होती. या मधल्या काळात तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट वृत्तपत्राची. लीगचे ‘अन क्लीव सुलिश’, म्हणजे ‘प्रकाशाची तलवार’, हे साप्ताहिक मार्च 1899 मध्ये मॅकनील यांच्या संपादकत्वाखाली निघू लागले. 1903 ते 1909 या काळात पॅट्रिक पिअर्स त्याचे संपादक होते आणि त्यांनी शिक्षणाविषयी त्यात जे लिहिले ते आजही वाचण्याजोगे आहे. दुसरी गोष्ट महोत्सवाची. 1897 पासून दरवर्षी भरणाऱ्या राष्ट्रीय संमेलनात कथाकथन, गायन, वक्तृत्व आणि लेखन यांच्या स्पर्धा होत. त्याच धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यांत ‘फेश’ नावाचे मेळावे भरू लागले. ज्या म्हातारीला तिच्या आयरिशपायी गावात मागासलेली समजत, तीच आता व्यासपीठावर उभी राहून कथा सांगे आणि बक्षीस घेऊन घरी जाई. घराघरांतील लाज मोडायला याइतका परिणामकारक उपाय दुसरा नव्हता.

तिसरी, आणि माझ्या मते निर्णायक, गोष्ट म्हणजे फिरते कार्यकर्ते. त्यांना ‘टिमिरी’ म्हणत. इनिश मान या अरान बेटावर जन्मलेले आणि अमेरिका व मेक्सिकोत काही वर्षे काढून परतलेले टॉमस बान ओ कॉनकॅनन हे त्यांतले पहिले आणि सर्वांत प्रसिद्ध. टिमिरा सायकलवरून गावात येई, तिथल्या धर्मगुरूला आणि शाळामास्तरांना भेटे, रविवारच्या प्रार्थनेनंतर सभा घेई, समिती निवडून शाखा स्थापन करी आणि पुढच्या गावी जाई. त्याच्यामागून फिरता शिक्षक येई. एकाच शिक्षकाकडे आजूबाजूच्या कित्येक गावांचे वर्ग असत आणि आठवड्याचा प्रत्येक वार वेगळ्या गावासाठी राखून ठेवलेला असे. हे सायकलवाले पावसात भिजून गावात पोहोचले नसते, तर डब्लिनमधील ठराव डब्लिनमध्येच राहिले असते.

शाखेत प्रत्यक्ष काय चालत असे?

संध्याकाळी, बहुधा राष्ट्रीय शाळेच्या इमारतीत किंवा भाड्याच्या खोलीत, भाषेचा वर्ग भरे. कारकून, शिक्षक, दुकानातील नोकर, टपाल खात्यातील मुले आणि मुली एकाच बाकावर बसत. वर्गानंतर गाणे आणि नृत्य होई; उन्हाळ्यात सहली निघत. ‘केली’ या नावाने आज जगभर ओळखला जाणारा आयरिश नृत्याचा सार्वजनिक कार्यक्रम लीगच्या लंडन शाखेने 30 ऑक्टोबर 1897 रोजी ब्लूम्सबरीतील एका सभागृहात पहिल्यांदा केला, आणि त्याची कल्पना लंडनमधील गेलिक भाषक स्कॉटिश मंडळींच्या संध्याकाळच्या मेळाव्यांवरून घेतली होती. जी गोष्ट आज पुरातन ग्रामीण परंपरा मानली जाते तिची सुरुवात परदेशातील एका शाखेत झाली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. घरापासून दूर गेलेल्या माणसालाच एकत्र जमण्यासाठी निमित्त शोधावे लागते.

ऑक्टोबर 1901 मध्ये हाइड यांची आयरिश एकांकिका डब्लिनच्या गेइटी नाट्यगृहात लीगच्या हौशी कलावंतांनी सादर केली, आणि व्यावसायिक रंगमंचावर प्रथमच आयरिश नाटक ऐकू आले. 1904 पासून कॉर्क काउंटीतील बॅलिंगिअरी येथे उन्हाळी महाविद्यालय भरू लागले. तिथे शिक्षक प्रशिक्षण घेत आणि उरलेल्या वेळात आयरिश भाषक घरांत राहून ऐकत व बोलत. वर्गांतून लग्नेही जुळली: 1908 मध्ये लीगमध्ये दाखल झालेले आणि पुढे आयर्लंडचे पंतप्रधान झालेले एमन डी व्हॅलेरा आपल्या शिक्षिका शिनेड फ्लॅनगन यांच्याशी 1910 मध्ये विवाहबद्ध झाले.

स्त्रियांना सभासदत्व होते का?

होते, आणि पहिल्यापासून बरोबरीचे होते. त्या काळच्या सार्वजनिक संस्थांत ही बाब दुर्मीळ होती. मेरी बटलर आणि अ‍ॅग्नेस ओफॅरेली यांनी लीगच्या मध्यवर्ती कामात महत्त्वाचा वाटा उचलला, तर नाटककार लेडी ग्रेगरी यांनी गॉलवे काउंटीतील किल्टार्टन येथे शाखा काढली.

लीग केवळ कॅथलिकांची होती का?

नाही. पहिले अध्यक्षच प्रोटेस्टंट होते. 1895 मध्ये स्थापन झालेल्या बेलफास्ट शाखेचे अध्यक्ष डॉ. जॉन सेंट क्लेअर बॉइड हेही प्रोटेस्टंट होते, आणि ब्रिटिश राजवटीशी एकनिष्ठ प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज संघटनेचे बेलफास्टमधील प्रमुख रेव्हरंड रिचर्ड रटलेज केन यांनीही शाखेला पाठिंबा दिला होता. भाषेच्या व्यासपीठावर धर्म आणि राजकारण आणायचे नाही, हा हाइड यांचा आग्रह यामुळेच इतका पक्का होता. प्रत्यक्षात सभासदांचा मोठा भाग कॅथलिक राष्ट्रवादी घरांतून येत होता आणि हा तोल वर्षागणिक अवघड होत गेला.

आयरिशचे कोणते रूप शिकवायचे, यावर मतभेद नव्हते का?

तीव्र मतभेद होते. एका पक्षाला सतराव्या शतकातील गद्याची प्रतिष्ठित भाषा आदर्श वाटे. कॉर्कचे फादर पीटर ओलिअरी यांनी मात्र गावातले लोक बोलतात तीच भाषा लिहावी असा पक्ष धरला, आणि स्वतः त्या भाषेत भरपूर लिहून तो सिद्ध केला. बोलीचा पक्ष जिंकला. मग मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर या तीन प्रांतांच्या बोलींपैकी कोणती, हा वाद सुरू झाला. छपाईसाठी जुनी गेलिक वळणाची अक्षरे वापरावीत की रोमन, यावरही पाने भरली. हे वाद निष्फळ वाटले तरी ज्या भाषेविषयी लोक असे हिरिरीने भांडतात ती भाषा त्यांना हवी आहे, हे त्यातून दिसत होते.

शिक्षणाच्या क्षेत्रात लीगला काय मिळवता आले?

सर्वांत गाजलेला झगडा 1899 मधला. माध्यमिक शिक्षणाच्या चौकशी आयोगापुढे ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक महाफी आणि अ‍ॅटकिन्सन यांनी आयरिशविरुद्ध साक्ष दिली. पश्चिमेकडे मासेमारीला किंवा शिकारीला जाणाऱ्या माणसाला तिचा थोडाफार उपयोग होईल, असे महाफी म्हणाले; तिचे साहित्य एकतर धार्मिक किंवा असभ्य आहे, असा अ‍ॅटकिन्सन यांचा रोख होता. हाइड यांनी उत्तर म्हणून युरोपभरच्या पंडितांची मते मिळवून आयोगापुढे मांडली. लाइपझिगचे विंडिश, ग्राइफ्सवाल्डचे त्सिमर, कोपनहेगनचे पेडरसन आणि लिव्हरपूलचे कुनो मायर यांनी आयरिश साहित्याची थोरवी निःसंदिग्ध शब्दांत सांगितली आणि विषय अभ्यासक्रमात टिकला. मराठी वाचकाला यात एक ओळखीचा धागा सापडेल. विंडिश आणि त्सिमर हे संस्कृतचेही नामांकित अभ्यासक होते, आणि विरोधात उभे राहिलेले अ‍ॅटकिन्सन ट्रिनिटीत संस्कृत शिकवत. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचे प्रमुख, डब्लिनचे जॉर्ज ग्रिअर्सन, हे त्यांचेच विद्यार्थी. त्या सर्वेक्षणाचा मराठीवरील खंड 1905 मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीच्या खेड्यापाड्यांतील बोली ज्यांच्या देखरेखीखाली नोंदल्या गेल्या, त्यांच्या गुरूंना स्वतःच्या दाराशी असलेल्या बोलीत काही मोल दिसले नाही.

1904 मध्ये आयरिश भाषक भागांतील प्राथमिक शाळांना द्विभाषिक अभ्यासक्रम मिळाला. 1908 मध्ये नवे राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा प्रवेश परीक्षेला आयरिश सक्तीची करावी अशी लीगने मागणी केली. कॅथलिक बिशपांचा याला विरोध होता, आणि त्यांच्यावर जाहीर टीका केल्यामुळे मेनूथचे आयरिशचे प्राध्यापक डॉ. मायकेल ओहिकी यांना 1909 मध्ये पदावरून दूर करण्यात आले. परंतु शिष्यवृत्त्यांचा पैसा काउंटी मंडळांच्या हाती होता, आणि आयरिश सक्तीची नसेल तर पैसा देणार नाही अशी भूमिका मंडळांनी घेतल्यावर विद्यापीठाने 1910 मध्ये मागणी मान्य केली. 1913 पासून नियम लागू झाला.

गाडीवरच्या नावाचा खटला काय होता?

माल वाहणाऱ्या घोडागाडीवर मालकाचे नाव वाचता येईल अशा अक्षरांत लिहिले पाहिजे, असा कायदा होता. डोनेगल काउंटीतील कवी निअल मॅक गिला ब्रीद यांनी आपल्या गाडीवर स्वतःचे नाव आयरिशमध्ये रंगवले आणि त्यांना दंड झाला, कारण आयरिश अक्षरे म्हणजे न वाचता येणारी अक्षरे, असे अधिकाऱ्यांनी धरले. 1905 मध्ये प्रकरण डब्लिनच्या वरिष्ठ न्यायालयात गेले आणि त्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून पिअर्स उभे राहिले. ते हरले. तथापि, स्वतःचे नाव स्वतःच्या भाषेत आपल्याच गाडीच्या फळीवर लिहिता येत नाही, ही गोष्ट गावागावांत पोहोचली, आणि लीगच्या कित्येक व्याख्यानांनी झाले नसते ते काम त्या फळीने केले. टपाल खात्याशीही त्याच सुमारास आयरिश पत्त्यांवरून असाच झगडा चालला होता.

पैसा कुठून येई?

वर्गण्या, पुस्तिकांची विक्री, मेळावे आणि दर मार्चमध्ये होणारा भाषा निधी, हे नेहमीचे मार्ग होते. सर्वांत मोठी रक्कम मात्र अमेरिकेतून आली. नोव्हेंबर 1905 ते जून 1906 या काळात हाइड यांनी तिथे गावोगाव व्याख्याने देऊन दहा हजार पौंडांहून अधिक निधी जमवला. दौरा चालू असतानाच एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाने उद्ध्वस्त केले; त्या शहराने दिलेल्या पैशांतील पाच हजार डॉलर हाइड यांनी मदतीसाठी परत पाठवले.

लीग राजकारणात कशी ओढली गेली?

टप्प्याटप्प्याने. नोव्हेंबर 1913 मध्ये मॅकनील यांनी लीगच्याच साप्ताहिकात लिहिलेल्या लेखातून आयरिश स्वयंसेवक दल उभे राहिले. लीगच्या वर्गांत तयार झालेली पिढी स्वातंत्र्याच्या चळवळीतही पुढे होती. दोन्हींकडची माणसे आता एकच होती. 1915 च्या उन्हाळ्यात डंडॉक येथील वार्षिक अधिवेशनात स्वतंत्र आयर्लंड हे संस्थेच्या उद्दिष्टांत घालण्यात आले आणि हाइड यांनी अध्यक्षपद सोडले. पुढच्या ईस्टरला ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि त्याचे नेतृत्व करणाऱ्या पिअर्स यांना फाशीऐवजी गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. 1919 मध्ये ब्रिटिश सरकारने लीगवर बंदी घातली. हाइड यांचे म्हणणे बरोबर होते, किंवा काळापुढे ते टिकणारेच नव्हते, याविषयी आयर्लंडमध्ये अजून वाद चालतो. माझे मत असे की त्यांची तटस्थता हेच लीगच्या वाढीचे मोठे कारण होते, आणि ती सुटल्यावर उत्तरेकडील प्रोटेस्टंटांसाठी उघडे असलेले दार जवळजवळ बंद झाले.

मग स्वातंत्र्य मिळाल्यावर संस्था अधिक भरभराटीला आली असेल?

उलट झाले. 1922 च्या राज्यघटनेने आयरिशला राष्ट्रभाषा म्हटले, शाळांत ती सक्तीची झाली, आणि काम आता सरकार करील असे मानून लोकांनी शाखांकडे पाठ फिरवली. ज्या कार्यकर्त्यांनी गावे पिंजून काढली होती ते मंत्री, अधिकारी आणि शाळा तपासनीस झाले. परिणाम असा की शाळेत आयरिश शिकलेल्यांची संख्या वाढत गेली आणि ज्या पश्चिम किनाऱ्यावर ती घरची भाषा होती तो भाग आकसत गेला. हाइड 1938 मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्रपती झाले आणि 1945 पर्यंत त्या पदावर होते. व्यक्तीचा याहून मोठा सन्मान असू शकत नाही, पण सन्मानाने शाखा पुन्हा भरल्या नाहीत.

लीग आज काय करते?

डब्लिनमधील कार्यालयातून ती वर्ग चालवते, दर मार्चमध्ये आयरिश भाषा सप्ताहाचे आयोजन करते आणि भाषिक हक्कांसाठी सरकारकडे पाठपुरावा करते. आयरिश नभोवाणी केंद्र 1972 मध्ये, दूरचित्रवाणी वाहिनी 1996 मध्ये आणि राजभाषा कायदा 2003 मध्ये आला. 1 जानेवारी 2007 पासून आयरिश ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. यांतील प्रत्येक गोष्टीमागे भाषाप्रेमी संघटनांची वर्षानुवर्षांची मागणी होती. उत्तर आयर्लंडमध्ये आयरिशला अधिकृत स्थान देणारा कायदा डिसेंबर 2022 मध्ये मंजूर झाला, आणि त्यासाठी बेलफास्टच्या रस्त्यांवर उतरलेल्यांत तरुण मोठ्या संख्येने होते.

भाषा वाचली असे म्हणता येईल का?

आयर्लंडच्या प्रजासत्ताकातील 2022 च्या जनगणनेत 18,73,997 लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले, परंतु शिक्षणसंस्थांबाहेर ती रोज बोलणारे केवळ 71,968 निघाले. या दोन आकड्यांमधले अंतर कमी करणे हेच आज लीगपुढचे काम आहे. आयरिश माध्यमाच्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना शाळा सुटल्यावर ती भाषा बोलायला जागा मिळावी म्हणून शाखा, गप्पांच्या बैठकी आणि शहरांतील भाषा केंद्रे यांवर संस्थेचा सध्या भर आहे.